नक्कलनवीस, दुभाषी आणि विणकर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘पेशीत प्रथिने कशी घडतात’ असा विषय मी कळविला, तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्यांना मी दोष देत नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सोलापूरच्या वाचनालयांत, रात्रपाळी संपल्यावर, शब्दकोश उशाशी घेऊन. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नंतर संघटनेच्या कचेरीत गेले. असा मनुष्य जीवशास्त्रावर काय बोलणार, ही शंका रास्तच आहे.

पण ह्या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. गेल्या काही वर्षांत एक वाक्य माझ्या कानांवर वारंवार पडू लागले आहे. कामगाराला दमा झाला, मनगट आखडले, क्षय उलटला, की कोणीतरी म्हणते, “त्याच्या जीन्समध्येच आहे ते.” मालक म्हणतात, मुकादम म्हणतात आणि कामगारही म्हणू लागले आहेत. पूर्वी ‘नशिबात’ म्हणत, आता ‘जनुकात’ म्हणतात. दोन्हींचा व्यवहारातला अर्थ एकच, की तुझे तू बघ. तेव्हा हे जनुक म्हणजे आहे तरी काय आणि ते करते तरी काय, हे पाहणे मला भाग पडले.

पहिली गोष्ट अशी आढळली, की जनुक स्वतः काहीच करीत नाही.

आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी आहेत. बहुतेक प्रकारच्या पेशींच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबलचक दुपेडी धागा असतो. एका पेशीतला धागा सरळ केला तर दोन मीटर भरेल, आणि तो ज्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. ह्या धाग्याची दुपेडी रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक ह्यांनी मांडली. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन ह्या विदुषीच्या प्रयोगशाळेत काढलेल्या क्ष-किरण चित्रांचा त्यांना मोठा आधार झाला. धाग्यावर ए, टी, जी आणि सी ह्या चारच अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. माणसाच्या एका संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. त्यांतला एखादा परिच्छेद, ज्यावरून एखादे प्रथिन घडविता येते, तो म्हणजे जनुक. असे परिच्छेद वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर सगळ्या धाग्याच्या शेकडा दोन भागांहूनही कमी भरतो.

सोलापुरी चादर तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर रंगवितात. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. त्या पट्ट्यांची माळ जुन्या पद्धतीच्या जॅकार्डवर चढली, की भोकाप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात, धोटा जातो आणि मोर उतरतो. चौकटीचा कागद कपाटातच राहतो. तो मागावर कोणी नेत नाही, कारण तेल लागले, फाटला, तर सगळेच गेले. डीएनए हा तो कपाटातला कागद आहे. कपाटातल्या कागदाने आजवर कोणाची थंडी भागलेली नाही.

नक्कल करण्याचे काम जो रेणू करतो त्याला आरएनए पॉलिमरेज म्हणतात. आपण त्याला नक्कलनवीस म्हणू; जुन्या कचेऱ्यांत हा हुद्दा असे. तो जनुकाच्या आरंभाशी बसतो, दुपेडी धागा थोडासा उकलतो, एका पेडावरची अक्षरे वाचीत जातो आणि त्यांना जुळणारी अक्षरे जोडून आरएनएचा एकपेडी धागा तयार करतो. वेग सेकंदाला काही डझन अक्षरांचा. मागे गेला की डीएनए पुन्हा मिटतो. ह्या क्रियेला शास्त्रात प्रतिलेखन म्हणतात. भाषा तीच राहते, फक्त ‘टी’च्या जागी ‘यू’ येतो. मोडीतला कागद बाळबोधीत उतरवावा, इतकाच फरक.

नक्कलनविसाने कोठे बसावयाचे हे ठरते कसे? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत नक्षीचा गठ्ठा तोच आहे; तरी यकृत डोळ्याची प्रथिने करीत नाही. जनुकांच्या शेजारी काही जागा असतात, तेथे दुसरी प्रथिने येऊन बसतात. काही नक्कलनविसाला बोलावतात, काही त्याला अडवितात. ही प्रथिने पेशीतली परिस्थिती, आलेले संप्रेरक, खाल्लेले अन्न, वय ह्यांप्रमाणे बदलतात. म्हणजे नक्षी कपाटात असणे आणि ती मागावर चढणे ह्यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात पुष्कळांचे हात आहेत.

उतरलेली नक्कल तशीच चालत नाही. आपल्या जनुकांत मजकुराच्या मधे मधे निरुपयोगी वाटणारे तुकडे असतात. ते कापून उरलेले सांधावे लागतात. हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या गटांनी दाखविले. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग ज्या जनुकावरून घडतो, त्यात मजकुराचे तीन तुकडे आणि मधले कापावयाचे दोन. कापणी एका अक्षराने चुकली तरी पुढचे सगळे बिघडते. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत सर्वांत अधिक आढळणारा दोष प्रथिनाच्या मजकुरात नाहीच. तो कापून टाकावयाच्या पहिल्या तुकड्यातल्या पाचव्या अक्षरात आहे. त्या अक्षरामुळे कात्री कोठे चालवावी हे कळेनासे होते, आणि मुलाला महिन्या-महिन्याला रक्त चढवावे लागते.

सांधलेली नक्कल केंद्रकाबाहेर येते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. आता खरे भाषांतर. आरएनएची भाषा चार अक्षरांची, प्रथिनाची भाषा वीस अमिनो आम्लांची. दोहोंचा रासायनिक संबंध काहीच नाही. आमच्या सोलापुरात विणकरांची मोठी वस्ती तेलुगू बोलणारी. मराठी पत्रक नुसते मोठ्याने वाचून तेथे भागत नाही. दोन्ही भाषा येणारा माणूस लागतो. पेशीतला हा दुभाषी म्हणजे वाहक आरएनए. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरे असतात, ती संदेशावरच्या तीन अक्षरांशी जुळतात; दुसऱ्या टोकाला नेमके एक अमिनो आम्ल असते. योग्य आम्ल योग्य दुभाष्याच्या हाती देणारे विकर वेगळे, प्रत्येक आम्लासाठी बहुधा एक. खरा शब्दकोश त्या विकरांना पाठ आहे असे म्हणावयास हरकत नाही.

विणकर म्हणजे रायबोसोम. तो संदेशावरून तीन तीन अक्षरे पुढे सरकतो, दुभाष्यांना एकामागून एक जागा देतो आणि त्यांनी आणलेली आम्ले एका माळेत जोडतो. आपल्या पेशींत सेकंदाला पाच-सहा आम्ले, जिवाणूंत त्याच्या तिप्पट. ‘एयूजी’ आले की आरंभ. ठरलेल्या तीन खुणांपैकी एक आली की माळ सोडून द्यावयाची. येथे मात्र माझी मागाची उपमा तुटते. पट्ट्यांची एक माळ एका वेळी एकाच मागावर चालते. संदेशाच्या एका धाग्यावर अनेक रायबोसोम एकामागून एक चढतात, पुढचा शेवटाशी असताना मागचा सुरुवात करीत असतो. आणि कापड विणले की तसेच राहते. प्रथिनाची माळ आपली आपण घडी घालून घेते, आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते.

हा शब्दकोश कसा उलगडला, ती हकीकत मला कादंबरीपेक्षा गोड वाटते. चार अक्षरांचे तीन तीनचे गट चौसष्ट होतात. कोणता गट कोणत्या आम्लाचा हे कोणाला माहीत नव्हते. अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग नावाचा चौतीस वर्षांचा, फारसा कोणाला ठाऊक नसलेला संशोधक होता. त्याने आणि हाइनरिख मॅथाय ह्या जर्मन सहकाऱ्याने जिवाणू फोडून त्यांचा रस घेतला, त्यात फक्त ‘यू’ हेच अक्षर असलेला बनावट संदेश घातला आणि एकेका आम्लाला किरणोत्सर्गाची खूण करून पाहिले. १९६१च्या मे महिन्यात उत्तर मिळाले: ‘यूयूयू’ म्हणजे फेनिलॲलनिन. त्याच ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निरेनबर्गने हे सांगितले, तेव्हा खोलीत मोजकी माणसे होती. क्रिकच्या कानी गोष्ट गेली आणि त्याने मोठ्या सभेपुढे ते पुन्हा सांगावयास लावले.

पुढचे काम ज्यांनी तडीस नेले त्यांत आपले हरगोविंद खुराना. आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर ह्या शंभरेक वस्तीच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी, गावात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ हे एकच घर. पहिली शाळा झाडाखाली. परदेशातून डॉक्टरेट घेऊन परतले, तर देशात त्यांना नोकरी मिळाली नाही. मग केंब्रिज, व्हँकुव्हर, विस्कॉन्सिन. ठराविक अक्षरे ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येतील असे धागे त्यांनी रसायनशाळेत बांधले. ‘यूसीयूसी’ अशा धाग्यावरून सेरीन आणि ल्युसीन ही दोन आम्ले आळीपाळीने येतात, हे पाहिल्यावर गट तीन अक्षरांचाच आहे ह्याविषयी शंका उरली नाही. चौसष्टपैकी एकसष्ट गट आम्लांचे आणि तीन थांबण्याचे. १९६८ साली खुराना, निरेनबर्ग आणि वाहक आरएनएची अक्षरे प्रथम वाचणारे रॉबर्ट हॉली ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विणकराची म्हणजे रायबोसोमची अणूअणूची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली ज्या तिघांना ते मिळाले, त्यांतले व्यंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञान घेऊन बाहेर पडलेले. जीवशास्त्र त्यांनी पुढे नव्याने, विद्यार्थी होऊन शिकून घेतले.

आता हे सगळे आपल्या घरात कोठे येते ते सांगतो. विणकरांच्या आणि विडी वळणाऱ्यांच्या वस्तीत क्षयरोग काय करतो हे मी सांगावयास नको. ज्यांनी ती औषधे घेतली आहेत त्यांना एक गोष्ट आठवत असेल: गोळी सुरू झाली की लघवी नारिंगी होते. बायामाणसे घाबरतात, रक्त जाते असे समजून गोळी टाकून देतात. तो रंग रिफॅम्पिसिनचा. हे औषध क्षयाच्या जंतूच्या नक्कलनविसाला जाऊन चिकटते. तो दोन-तीन अक्षरे जोडतो आणि पुढची वाट बंद झाल्यामुळे थांबतो. नक्कल नाही, म्हणून प्रथिन नाही, म्हणून जंतू मरतो. आपला नक्कलनवीस वेगळ्या घडणीचा असल्यामुळे त्याला ते चिकटत नाही. पूर्वी सुईने देत ते स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या विणकराला गाठते आणि त्याला चुकीचे वाचावयास लावते. म्हणजे प्रतिलेखन आणि भाषांतर हे पाठ्यपुस्तकातले दोन शब्द नव्हेत. आमच्या वस्तीतली कित्येक माणसे ह्या दोन जागी जंतूला अडविल्यामुळे जगली आहेत.

परंतु जंतूलाही जनुके आहेत. नक्कलनविसाच्या जनुकात एखादे अक्षर बदलले, बहुतेक वेळा सेरीनच्या जागी ल्युसीन येईल असे, की औषधाला चिकटावयास जागा उरत नाही. असे बदललेले जंतू कोट्यवधींत थोडे असतातच. चारही औषधे मिळून नियमित घेतली तर एकाला चुकविणारा दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो. गोळ्या मधेच तुटल्या, किंवा एखादेच औषध पोटात गेले, तर मागे उरतात ते नेमके हे चुकार. सरकारी रुग्णालयात ‘सीबीनॅट’ नावाची तपासणी करतात, ती ह्या जनुकाचा एक्याऐंशी अक्षरांचा तुकडा तपासून दोन तासांत सांगते, की रिफॅम्पिसिन लागू पडेल की नाही. क्षय उलटला की ‘प्रकृतीच तशी’ म्हणतात. अहो, अक्षर बदलले ते जंतूचे! आणि त्या बदललेल्या जंतूला मोकळे रान मिळाले, ते बहुधा गोळ्या आणावयास जाण्यासाठी रोज बुडविणे परवडत नाही म्हणून. सहा महिन्यांच्या औषधाला सहा महिन्यांची बिनकपातीची सवड लागते, ही मागणी आम्ही वर्षानुवर्षे लावून धरली आहे. तिच्यामागचे जीवशास्त्र मला उशिरा समजले इतकेच.

काही आजार आपल्याच अक्षराचे असतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी भागांत आणि विदर्भातल्या इतर अनेक समाजांत सिकलसेल हा रोग आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत १४६ आम्ले. त्यांतले सहावे ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलीन येते. संदेशात ‘जीएजी’च्या जागी ‘जीयूजी’. एवढाच फरक! हा फरक केवळ एका आम्लाचा आहे हे व्हर्नन इन्ग्रॅमने १९५७च्या सुमारास दाखविले. प्राणवायू सुटला की अशी हिमोग्लोबिने एकमेकांना चिकटून दांडे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि मग त्या वेदना, ज्या पाहवत नाहीत. तांबड्या पेशीची आणखी एक गंमत म्हणजे ती पक्व होताना आपले केंद्रकच टाकून देते. कपाट गेले, तरी आधी काढलेल्या नकलांवरून एक-दोन दिवस विणकाम चालूच राहते. अखेर एका पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींहून अधिक रेणू भरलेले असतात.

दोन्ही जनुके बदललेली असली तर रोग. एकच बदललेले असले, तर तो मनुष्य वाहक. त्याच्या पेशींत दोन्ही नकला निघतात, दोन्ही विणल्या जातात, आणि चांगल्या मालाच्या बळावर तो सहसा आयुष्यभर ठणठणीत राहतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलाला रोग होण्याचा संभव चारांत एक. हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे आणि त्यासाठी तपासणी हवीच. पण तपासणीच्या कार्डावर ‘वाहक’ हा शब्द वाचून कोणी पोरीचे लग्न मोडू लागला किंवा पोराला कामावर घेईनासा झाला, तर तो शास्त्र वाचीत नाही, कार्ड वाचतो आहे.

सिकलसेलवरचे उपायही ह्याच वाटेवर आहेत. गर्भात असताना आपण निराळे हिमोग्लोबिन वापरतो; त्याचे जनुक जन्मानंतर काही महिन्यांत मिटते. म्हणून सिकलसेलचे मूल पहिले काही महिने निरोगी दिसते. ते जनुक मोडलेले नसते, फक्त नक्कलनविसाला तेथे मज्जाव केलेला असतो. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी बऱ्याच रुग्णांत हा मज्जाव थोडा सैल करते. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने एका नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मज्जेतील पेशी बाहेर काढून, मज्जाव करणाऱ्या प्रथिनाचे उत्पादन त्या पेशींपुरते बंद पाडतात. अक्षर चुकलेलेच राहते, तरी मनुष्य बरा होतो! अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. गडचिरोलीच्या मजुराने हा आकडा ऐकून हसावे की रडावे हे मला कळत नाही. त्याला आज मिळावयाची ती स्वस्त गोळी तरी आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळते का, ह्याची चौकशी आपल्या हातची आहे.

आता शेवटची हकीकत, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. अमेरिकेत बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे नावाची मोठी रेल्वे कंपनी आहे. तिच्या रुळांवर काम करणाऱ्या काही कामगारांची मनगटे निकामी झाली, हातांना मुंग्या येऊ लागल्या. कामामुळे इजा झाली म्हणून त्यांनी भरपाई मागितली. कंपनीने वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली त्यांचे रक्त घेतले आणि न सांगता एक जनुकीय तपासणी केली. एका कामगाराची पत्नी परिचारिका होती. मनगटासाठी इतके रक्त कशाला, असे तिने विचारले, म्हणून प्रकरण फुटले. त्याने रक्त देण्यास नकार दिला, तेव्हा त्याला शिस्तभंगाची धमकी मिळाली.

कंपनी शोधत होती ते काय? मज्जातंतूंच्या वेष्टनातले एक प्रथिन आहे, पीएमपी-२२. त्याच्या दोन जनुकांपैकी एक क्वचित कोणाजवळ नसते. मग त्या प्रथिनाच्या नकला कमी निघतात, वेष्टन हळवे राहते, आणि मज्जातंतूवर दाब पडला तर तो लवकर बधिर होतो. दाब पडला तर! हा दोष दुर्मीळ, आणि मनगट धरणाऱ्या बहुतेक कामगारांत तो नसतोच. ज्याच्यात असेल त्याच्याही मनगटावरचा दाब जनुकातून येत नाही. तो पहारीतून आणि थरथरणाऱ्या यंत्रातून येतो. कामगारांची संघटना आणि समान रोजगार संधीचा सरकारी आयोग न्यायालयात गेले. २००१च्या फेब्रुवारीत दावा झाला आणि २००२च्या मे महिन्यात कंपनीला बावीस लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आकड्यांचा योगायोग पाहा. पुढे २००८ साली त्या देशात कायदाच झाला, की जनुकीय माहितीवरून मालकाने कोणाला कामावर घेऊ वा काढू नये. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अजून नाही.

आपल्या भागातही कामावर घेण्यापूर्वी रक्त घेतात. त्यात अनेकदा कामगाराचेच हित असते. मी रक्त देऊ नका असे म्हणत नाही. रक्त कोणत्या तपासण्यांसाठी घेतले, अहवाल कोणाकडे जाणार, आणि त्याची प्रत मला कधी मिळणार, एवढ्या तीन गोष्टी लेखी मागा. तसा एक साधा अर्ज आम्ही छापून घेतला आहे. मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतल्या त्याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.